डिस्कची रांग टर्मिनलवर कशी बघायची, आणि ती कुठे लागली आहे हे कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका कारखान्यात उबंटूचा सर्व्हर आहे. दोन साध्या ४ टीबी साटा हार्ड डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड १ मध्ये (तोच डेटा दोन्ही डिस्कवर) लावलेल्या, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि ईआरपी (कारखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर), आणि त्याच मशीनवर ड्रॉइंगच्या फायलींसाठी सांबाचा शेअर (नेटवर्कवरचं सामाईक फोल्डर). दुपारी साडेतीनला पाळी बदलली की अर्धा तास ईआरपी अडकून बसतं. टॉप या कमांडमध्ये प्रोसेसर निवांत दिसतो, पण चालू किंवा अडकलेल्या प्रोग्रामांची सरासरी संख्या, म्हणजे लोड अ‍ॅव्हरेज १८. डिस्कचे आकडे दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये एसडीए (दोनपैकी पहिली; दुसरी एसडीबी) डिस्कचं युटिल १०० टक्के. विक्रेता म्हणतो, "एनव्हीएमई टाका, विषय संपला." (एनव्हीएमई म्हणजे वेगवान एसएसडी, न फिरणारी चिपची डिस्क.) तुम्ही विचारलंय की डिस्कची रांग कमांड लाइनवरून कशी बघायची.

रांग बघणं सोपं आहे, एका कमांडचं काम. पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो: डिस्क कमी पडते आहे, डिस्क आजारी आहे, की कुणीतरी नको त्या वेळी तिच्यावर ओझं टाकतंय? या तिन्ही प्रकारांत युटिल १०० च दिसतं. त्यामुळे त्या एका आकड्यावर पैसे खर्च करायला निघालात तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी व्हायची शक्यता बरीच आहे.

आधी युटिलचं बघू, कारण बहुतेक सगळे तिथेच फसतात. युटिल म्हणजे मोजणीच्या काळातला किती टक्के वेळ त्या डिस्ककडे निदान एक तरी काम प्रलंबित होतं. बस, एवढंच. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर दिवसभर एका तरी लेनमध्ये एखादी गाडी असतेच. म्हणून नाका तुंबलाय असं कुणी म्हणत नाही. एसएसडी किंवा एनव्हीएमई एकाच वेळी अनेक कामं उरकते, तिथे युटिल १०० असूनही डिस्क आरामात असू शकते. तुमच्याकडे फिरणारी डिस्क आहे, डोकं एकच, म्हणून तुमच्या १०० ला थोडा अर्थ आहे. पण मागे रांगेत दोन जण उभे आहेत की साठ, हे त्यातून कळत नाही. शिवाय लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ५.० आवृत्तीपासून हा आकडा काढायची पद्धत बदलली, आता तो अंदाजे निघतो. ९७ आणि १०० यांत फरक शोधत बसू नका.

आता आयओस्टॅट. हे सिसस्टॅट नावाच्या पॅकेजमध्ये येतं. त्याला एक्स, झेड, टी आणि वाय हे पर्याय द्या आणि शेवटी १ लिहा, म्हणजे दर सेकंदाला एक तक्ता येईल. एक्समुळे सविस्तर रकाने मिळतात, झेडमुळे रिकाम्या डिस्कच्या ओळी गळतात, टीमुळे प्रत्येक तक्त्यावर वेळ छापली जाते. वाय फार महत्त्वाचा. तो दिला नाही तर पहिला तक्ता मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असतो. तीन महिने चालू असलेल्या मशीनची सरासरी बघून "सगळं ठीक आहे" म्हणणारे लोक मला दर वर्षी भेटतात.

रकाने बरेच आहेत. मी पाच-सहाच बघतो. सेकंदाला किती वाचनं आणि किती लेखनं पूर्ण झाली ते दोन रकाने. वाचनाचा आणि लेखनाचा वेगवेगळा अवेट, म्हणजे एक विनंती कर्नलच्या ब्लॉक लेयरमध्ये (डिस्कची कामं हाताळणारा थर) तयार झाल्यापासून पूर्ण होईपर्यंत गेलेले सरासरी मिलीसेकंद, रांगेतली वाट धरून. लेखनाचा सरासरी आकार. आणि एक्यू-एसझेड, म्हणजेच रांगेची सरासरी लांबी, जी तुम्ही शोधताय. जुन्या आवृत्त्यांत हिचं नाव थोडं वेगळं होतं, एव्हीजीक्यूयू-एसझेड. जुन्या लेखांत एसव्हीसीटीएम नावाचा रकानाही दिसेल. त्याचा आकडा विश्वासार्ह नव्हता म्हणून तो काढूनच टाकला आहे. त्याच्यावर आधारलेला सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या.

तुम्ही दिलेले एसडीएचे आकडे असे होते: सेकंदाला ३५ वाचनं, प्रत्येकी ६२ मिलीसेकंद, ११० लेखनं, प्रत्येकी २१०, लेखनाचा सरासरी आकार १२ केबी, रांग साधारण २५. हे आकडे एकमेकांशी जुळतात का ते आधी तपासायचं. रांगेच्या गणितात १९६१ पासून सिद्ध असलेला लिटलचा नियम आहे: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आत गेलेला वेळ. ३५ गुणिले ६२ म्हणजे २,१७०. ११० गुणिले २१० म्हणजे २३,१००. बेरीज २५,२७०, आणि मिलीसेकंदांचे सेकंद केले की २५.३. जुळलं. त्यातले तेवीस जण लेखनाचे आहेत आणि दोनच वाचनाचे, हेही याच हिशेबात दिसतं. तुमची रांग लेखनांची आहे. नुसत्या २५ कडे बघून हे कळलं नसतं.

पुढचा हिशेब: ११० लेखनं गुणिले १२ केबी म्हणजे सेकंदाला १.३ एमबी. दीड एमबीसुद्धा नाही! आणि डिस्कच्या खोक्यावर दीडशे-दोनशे एमबीचा वेग छापलेला असतो. तो वेग सलग लिहिण्याचा. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ. शिवाय डोकं एका रेषेवरून दुसरीवर हलवायला आठ-नऊ मिलीसेकंद. इकडेतिकडे विखुरलेली छोटी कामं दिली तर अशी डिस्क सेकंदाला पाऊणशे ते शंभर उरकते, रांग लांब असेल तर क्रम लावून थोडी जास्त. तुमची १४५ उरकतेय. म्हणजे तिने आपलं काम चोख केलंय. छोटी, विखुरलेली लेखनं एवढी येतात कुठून, हे शोधायचं आहे.

पण थांबा, त्याआधी एक गोष्ट. तुम्ही फक्त एसडीएचे आकडे दिलेत. एसडीबीचे कुठे आहेत?

रेड १ मध्ये प्रत्येक लेखन दोन्ही डिस्कवर जातं आणि दोन्हींकडून होकार आल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्यामुळे वेग ठरतो तो जास्त मंद डिस्कचा. दोन्ही डिस्कचा लेखनाचा अवेट दोनशेच्या घरात असेल तर खरोखर ओझं जास्त आहे. पण एसडीबी वीस मिलीसेकंदांत मोकळी होत असेल आणि एसडीए दोनशे दहा घेत असेल, तर एसडीए आजारी आहे. तुमचे पुढचे दोन तास आणि विक्रेत्याचं कोटेशन दोन्ही वाचतील. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून पाच, १९७ आणि १९९ या क्रमांकांच्या ओळी बघा. पाच म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय बाकी असलेले. १९९ (केबलवरच्या देवाणघेवाणीतल्या चुका) वाढत असेल तर बहुधा डिस्क नाही, केबल खराब आहे, आणि साटा केबल फार तर दोनशे रुपयांत येते. वाचनांची मात्र अशी तुलना करू नका. वाचनं दोन डिस्कमध्ये वाटली जातात आणि वाटणी समान असेलच असं नाही.

प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट ही रेडची अवस्था दाखवणारी फाइलही त्याच वेळी बघून टाका. तिथे चेक (तपासणी) किंवा रिसिंक (दोन्ही डिस्क पुन्हा जुळवणं) चालू दिसला तर अर्धं उत्तर तिथेच. उबंटू-डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडच्या डिस्कजोडीची, म्हणजे अ‍ॅरेची तपासणी आपोआप लागते, आणि ४ टीबीची तपासणी सोमवारपर्यंतही लांबू शकते. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, यूपीएस दमतो, आणि शुक्रवारी सकाळी रिसिंक चालू असतो, हाही ओळखीचा प्रकार आहे. १०० जीबीहून मोठ्या अ‍ॅरेला एमडीएडीएम (रेड बनवायची कमांड) बनवतानाच बिटमॅप (कुठले भाग जुळायचे बाकी आहेत त्याची नोंद) जोडतं, त्यामुळे अशा वेळी पूर्ण अ‍ॅरे जुळवावा लागत नाही, तेवढे बिघडलेले भागच जुळवले जातात. पण जुना अ‍ॅरे कुणी बिटमॅपशिवाय बनवला असेल तर दिवस गेला समजा. तुमचा त्रास रोज साडेतीनलाच होतो, म्हणून हे तुमचं कारण वाटत नाही. तरी बघायला पाच सेकंद लागतात.

आता दोन्ही डिस्क सारख्याच हळू आहेत असं धरून चालतो. रांग म्हणतो आपण, पण लिनक्समध्ये रांगा एकाहून जास्त आहेत, आणि विनंती कुठल्या रांगेत उभी आहे त्यावर उपाय ठरतो.

सगळ्यात आतली रांग डिस्कच्या स्वतःच्या पोटात. साटा डिस्क एका वेळी जास्तीत जास्त ३२ विनंत्या हातात घेते. सिस फोल्डरातल्या ब्लॉकमध्ये त्या डिस्कच्या डिव्हाइस फोल्डरात क्यू-डेप्थ नावाची फाइल आहे, तिच्यात हा आकडा दिसेल. जुन्या कर्नलवर ३१ दिसतो. तिच्या बाहेर कर्नलच्या शेड्युलरची, म्हणजे विनंत्यांचा क्रम लावणाऱ्या भागाची, रांग. तिची कमाल लांबी डिस्कच्या क्यू फोल्डरातल्या एनआर-रिक्वेस्ट्स या फाइलमध्ये. तुमच्यासारख्या साटा डिस्कवर एमक्यू-डेडलाइन शेड्युलर असेल तर हा आकडा सहसा ६४ असतो. आणि या दोन्हींच्या बाहेर, ज्यांना ६४ मध्येही जागा मिळाली नाही ते प्रोसेस (चालू प्रोग्राम). ते उभ्या उभ्या झोपतात आणि आयओस्टॅटच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत. अवेटचं घड्याळ विनंतीला जागा मिळाल्यावर सुरू होतं, जागेसाठी थांबलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. वापरणारा म्हणतो चार सेकंद अडकलं आणि आयओस्टॅट म्हणतो २१० मिलीसेकंद, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

आतली रांग चालू क्षणाला बघायची असेल तर सिस ब्लॉकमध्ये एसडीएच्या फोल्डरात इनफ्लाइट नावाची फाइल आहे. तिच्यात फक्त दोन आकडे: पहिला चालू वाचनांचा, दुसरा चालू लेखनांचा. कर्नलच्या आवृत्तीनुसार यात नेमकं काय मोजलं जातं ते थोडं बदलत आलंय; उबंटू २२.०४ किंवा २४.०४ च्या मूळ कर्नलवर तो डिस्कच्या हाती दिलेल्या विनंत्यांचा आकडा आहे. वॉच कमांडला ०.२ चा अंतराल देऊन ही फाइल उघडी ठेवा आणि साडेतीनची वाट बघा. निवांत वेळी ० ०, ० १, ० ० असं काहीतरी लुकलुकत राहतं. मग दर पाच सेकंदांनी एक झटका येतो, १ २९, ० ३२, ० ३१, आणि पुन्हा शून्य. तो झटका कर्नलच्या साफसफाईचा: मेमरीत साचलेली, अजून डिस्कवर न गेलेली पानं लिहून काढणारा धागा ठरावीक पाच सेकंदांनी जागा होतो. हे निरोगी आहे. पण ३२ ला टेकलेला आकडा खाली यायचं नाव घेत नसेल, आणि पहिल्या जागी वाचनं अधूनमधून एक-दोन एवढीच दिसत असतील, तर लेखनांच्या लोंढ्यात वाचनं बुडाली आहेत. ईआरपीचा स्क्रीन उघडायला वाचन लागतं. तिथेच तुमचा ऑपरेटर तिष्ठत उभा राहतो.

हे उघड्या डोळ्यांनी बघा असं मी म्हणतोय त्याला कारण आहे. आयओस्टॅटची रांग ही सरासरी आहे. दहा सेकंदांच्या तक्त्यात २५ दिसलं तर दहाही सेकंद २५ जण उभे होते असं असू शकतं, किंवा चार सेकंद साठ जण आणि बाकी सहा सेकंद दोघंच. दोन्हींचं उत्तर २५ च्या आसपासच. पहिल्यात सततचं ओझं आहे, दुसऱ्यात कुणीतरी घमेलं ओततंय. उपाय पूर्ण वेगळे. म्हणून त्रासाच्या वेळी मी तक्ता एका सेकंदाचाच घेतो. सेकंदाच्या तक्त्यात रांग ३२ च्या बरीच वर गेली तर उरलेले शेड्युलरमध्ये उभे आहेत, आणि ६४ च्या आसपास अडकून राहिली तर बाहेरही गर्दी असणार हे नक्की.

बाहेरची गर्दी बघायला पीएस (प्रोसेसची यादी देणारी कमांड) वापरायचं. त्याला स्टेट, पीआयडी, डब्ल्यूचॅन आणि कमांड हे रकाने मागा आणि डी अवस्थेतल्या ओळी गाळून घ्या. डी म्हणजे न उठवता येणारी झोप. लिनक्सचं लोड अ‍ॅव्हरेज १९९३ पासून या झोपलेल्यांनाही मोजतं, म्हणून प्रोसेसर निवांत असून तुमचा लोड १८. डब्ल्यूचॅनच्या रकान्यात तो प्रोसेस कर्नलच्या कुठल्या फंक्शनपाशी थांबलाय त्याचं नाव येतं. बीएलके एमक्यू गेट टॅग दिसलं तर एनआर-रिक्वेस्ट्समध्ये जागा नाही म्हणून बाहेर उभा आहे. आरक्यू क्यूओएस वेट दिसलं तर कर्नल स्वतःच लेखनांना आवर घालतंय. जेबीडी२ ने सुरू होणारं काही दिसलं तर ईएक्सटी४ या फाइल सिस्टमच्या जर्नलचं (बदलांच्या नोंदवहीचं) कमिट, म्हणजे डिस्कवर पक्कं लिहिणं, व्हायची वाट बघतोय, आणि जर्नल अडकलं की ज्याचा डिस्कच्या गर्दीशी काडीचा संबंध नाही असा प्रोसेसही अडकतो. साधा लॉगिन करायला वीस सेकंद लागतात तेव्हा बहुधा हेच घडत असतं.

टॉपमधल्या वेट या आकड्यावर मात्र विसंबू नका. तो प्रोसेसरच्या रिकाम्या वेळाचाच एक भाग आहे. प्रोसेसरला दुसरं काम मिळालं की वेट कमी दिसतो, डिस्क तितकीच तुंबलेली असली तरी. त्याऐवजी प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरातली आयओ ही फाइल वाचा. कर्नल ४.२० पासून ती आहे आणि उबंटूवर चालू असते. रेड हॅट लिनक्स ८ वर ती बूटच्या वेळी पीएसआय पर्याय देऊन चालू करावी लागते. सम या ओळीत निदान एक तरी काम डिस्कसाठी अडकलं होतं अशा वेळाची टक्केवारी असते, फुल या ओळीत एकही काम पुढे सरकत नव्हतं अशा वेळाची. दोन्ही १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीत. वापरणाऱ्याला होणाऱ्या त्रासाशी याच आकड्याचं नातं सगळ्यात जवळचं आहे असं माझं मत. मालकांना दाखवायचा झाला तर मी हाच आलेख दाखवतो.

आता गुन्हेगार. पिडस्टॅटला डी पर्याय आणि १ दिला की दर सेकंदाला कुठला प्रोसेस किती केबी वाचतोय, लिहितोय ते दिसतं. आयओटॉपही चालेल. इथे दोन अडचणी आहेत. कर्नल ५.१४ पासून प्रत्येक प्रोसेसचा डिस्कसाठी थांबलेला वेळ मोजणं मुळात बंद असतं, त्यामुळे तो रकाना शून्य दाखवतो आणि लोक फसतात. सिसकंट्रोलमधून (कर्नलच्या सेटिंग बदलायची कमांड) टास्क-डिलेअ‍ॅक्ट १ केलं की आकडे येतात. दुसरी अडचण जास्त मोठी. साधं लेखन आधी मेमरीत जातं आणि डिस्कवर नंतर, कर्नलच्या केवर्कर धाग्याच्या हातून. त्यामुळे डिस्कवर दंगा चालू असताना यादीत केवर्कर दिसतो आणि खरा माणूस पाच-दहा सेकंदांपूर्वीच काम उरकून निघून गेलेला असतो. म्हणून त्रास सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं पिडस्टॅट चालू हवं. सोबत मेमइन्फो फाइलमधल्या डर्टी (डिस्कवर जायचा बाकी साठा) आणि राइटबॅक (आत्ता लिहिला जाणारा) या दोन ओळी वॉचमध्ये ठेवा. डर्टी भराभरा चढला, मग राइटबॅक चढला, मग ईआरपी अडकलं, हा क्रम दिसला तर गोष्ट स्पष्ट आहे.

तुमच्याकडे काय होत असावं याचा माझा अंदाज सांगतो, तपासून घ्या. साडेतीनला पहिली पाळी सुटते, सगळे सुपरवायझर एकदम जॉब कार्ड आणि उत्पादनाच्या नोंदी भरतात. प्रत्येक नोंदीच्या कमिटला पोस्टग्रेस आपला लॉग डिस्कवर पक्का झाल्याशिवाय पुढे जात नाही. त्याच सुमारास डिझाइनवाले दिवसभराची ड्रॉइंगं शेअरवर टाकतात. ती मेमरीत झटकन उतरतात, कॉपी झाल्यासारखी दिसतात आणि मग कर्नल ती डिस्कवर ओतायला लागतं. बाय डिफॉल्ट उपलब्ध मेमरीच्या १० टक्के साचेपर्यंत कर्नल मोठी घाई करत नाही आणि २० टक्क्यांना लिहिणाऱ्यालाच थांबवतं. मशीनला ६४ जीबी मेमरी असेल तर १० टक्के म्हणजे सहा जीबीच्या आसपास. एवढा साठा या डिस्कवर उतरायला लागला की त्याच्यामागे पोस्टग्रेसचा एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का करण्याची विनंती) उभा. फक्त एका गोष्टीमुळे मी अजून ठाम नाही: ड्रॉइंगच्या मोठ्या फायली असतील तर लेखनाचा आकार १२ केबीपेक्षा बराच मोठा दिसायला हवा होता. तो लहान आहे म्हणजे एक तर शेकडो बारीक फायली आहेत, नाहीतर हे पोस्टग्रेसचं चेकपॉइंट (मेमरीतले बदल ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवणं) आहे, जे ८ केबीची पानं टेबलभर विखरून लिहितं. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये चेकपॉइंटच्या नोंदी चालू करून वेळा जुळवून बघा. चेकपॉइंट मुळात दर पाच मिनिटांनी येतं. आवृत्ती १४ पासून ते काम पुढच्या अंतराच्या ९० टक्के वेळात पसरवून करतं, त्याआधी ५० टक्क्यांत उरकायचं. तुमची आवृत्ती १३ किंवा जुनी असेल तर चेकपॉइंट-कम्प्लिशन-टार्गेट ०.९ करणं हा फुकटचा फायदा.

उपायांत सगळ्यात स्वस्त उपाय डर्टीची मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये बांधणं. मी अशा मशीनवर बॅकग्राउंडची मर्यादा २५६ एमबी आणि कमाल मर्यादा १ जीबी ठेवून सुरुवात करतो आणि मग बघून कमी-जास्त करतो. बाइटचे आकडे दिले की टक्क्यांचे आकडे आपोआप शून्य दिसतात, घाबरू नका. याने एकूण काम कमी होत नाही, लोंढा मात्र लहान लहान होतो. सांबावर कॉपी करणाऱ्याला ती आता हळू वाटेल, आणि तो तक्रार घेऊन येईल. त्याला आधीच सांगून ठेवा.

दुसरं, बॅकअप किंवा शेअरच्या सर्व्हिसला सिस्टमडीमधून (सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) वाचना-लेखनाच्या वेगाची मर्यादा घालता येते, त्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये आयओ-रीड-बँडविड्थ-मॅक्स आणि त्याच्या जोडीचा राइटचा पर्याय. हे आयओनाइसपेक्षा (प्रोसेसचा डिस्कसाठीचा अग्रक्रम ठरवणारी कमांड) भरवशाचं. आयओनाइसचा परिणाम कुठला शेड्युलर चालू आहे यावर ठरतो. शेड्युलर नन, म्हणजे कुठलाच नाही असा, असेल तर ते चालवून नुसतं समाधान मिळतं. एनआर-रिक्वेस्ट्स वाढवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. फिरणाऱ्या डिस्कवर त्याने बाहेरची गर्दी आत येते, डिस्क तेवढीच राहते, आणि अवेट उलट वाढतो.

रोज साडेतीनला टर्मिनलसमोर बसणं कुणाला जमणार? म्हणून आकडे आपोआप साठवणारं सार चालू करा. उबंटूवर सिसस्टॅटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये इनेबल्ड ट्रू करावं लागतं. मूळ अंतर दहा मिनिटांचं असतं आणि तुमच्यासारख्या त्रासाला ते फार मोठं आहे, चाळीस सेकंदांचा झटका दहा मिनिटांच्या सरासरीत विरून जातो. अंतर एका मिनिटावर आणा. मग सारला डी पर्याय देऊन कालचे, परवाचे आकडे शांतपणे बघता येतात.

आणि सरासरी नको, प्रत्येक विनंतीला किती वेळ लागला त्याची विभागणी हवी, असं वाटलं तर बायोलेटन्सी आहे. उबंटूवर ते बीपीएफसीसी-टूल्स या पॅकेजमध्ये मिळतं. मोठ्या डी पर्यायाने डिस्कनिहाय आणि मोठ्या क्यू पर्यायाने कर्नलच्या रांगेतला वेळ धरून. एकदा क्यूशिवाय आणि एकदा क्यूसह चालवलं की दोन चित्रांतला फरक म्हणजे शेड्युलरमध्ये गेलेला वेळ. त्यात सहसा दोन टेकड्या दिसतात, एक पाच-दहा मिलीसेकंदांची आणि एक दोनशे-पाचशेची. सरासरी त्या दोघींच्या मधल्या दरीत पडते, जिथे खरं तर कुणीच नसतं.

क्लाउडवर असाल तर हे सगळं थोडं बदलतं, कारण तिथे रांग बहुधा डिस्कमुळे नाही तर तुम्ही घेतलेल्या मर्यादेमुळे लागते. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवरच्या जीपी३ प्रकारच्या डिस्कला मुळात सेकंदाला ३,००० कामं आणि १२५ एमबी मिळतात. त्यातला कुठलाही एक आकडा गाठून सपाट झाला आणि अवेट चढत राहिला, तर उत्तर बिलिंगच्या पानावर आहे. तुमच्या बाबतीत हे लागू नाही.

राहिला विक्रेता. चुकीचं बोलतोय असं मी म्हणणार नाही; डेटाबेस फिरणाऱ्या डिस्कवर ठेवायचे दिवस गेले आहेत, आणि एसडीए-एसडीबी दोन्ही सारख्या हळू निघाल्या तर एसएसडी घ्याच. पण डेटाबेसला एफसिंक लवकर पूर्ण होणं लागतं आणि तिथे बाजारातल्या स्वस्त एनव्हीएमई निराश करतात. वीज गेली तर हातातला डेटा वाचवायला त्यांच्यात कपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक फ्लशला (पक्कं लिहा या हुकमाला) डेटा खरोखर फ्लॅश चिपपर्यंत पोचवावा लागतो, आणि सलग लिहीत राहिलं की त्यांचा वेगवान कॅशचा भाग संपून वेग कोसळतो. आयओस्टॅटमध्ये फ्लशचे वेगळे रकाने आहेत, सेकंदाला किती फ्लश आणि फ्लशचा अवेट, कर्नल ५.५ पासून ते भरलेले दिसतात. त्याला विचारा, "पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का?" आणि हो म्हणाला तर मॉडेल नंबर लेखी घ्या. शक्य असेल तर एक डिस्क चाचणीला मागून पोस्टग्रेससोबत येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक तिच्यावर चालवा, आधी जुन्या डिस्कवर आणि मग नव्या.

त्याआधी उद्या साडेतीनचे तीन आउटपुट इथे टाका: दोन्ही डिस्कचा सेकंदा-सेकंदाचा आयओस्टॅट पाच मिनिटांचा, त्याच वेळची पीएसमधली डी अवस्थेची यादी डब्ल्यूचॅनसकट, आणि तीन पंचवीसपासून चालू ठेवलेलं पिडस्टॅट. पोस्टग्रेसची आवृत्ती आणि मशीनची मेमरीही लिहा.